गळालेला ‘ने’

१

घंटा एकदा वाजली तर हालमोश, दोनदा वाजली तर बोझोकी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या दारावर तशी चिठ्ठीच डकवली होती. लढाईआधी सगळं घर हालमोशांचं होतं आणि घंटा कितीही वेळा वाजली तरी दार उघडायला मोलकरीण जात असे. आता मोठी खोली बोझोकी नवरा-बायकोला मिळाली होती, स्वयंपाकघर दोघांत होतं आणि आतली लहान खोली एतेल्काकडे राहिली होती. एवढी तरी राहिली, म्हणून ती कुणाजवळ कुरकुर करत नसे. १९५१ सालच्या बुडापेस्टमध्ये खोलीबद्दल कुरकुर करणारी माणसं फार दिवस खोलीत राहत नसत.

बाकीचे बदल अंगवळणी पडले होते. जिन्यात भेटल्यावर पूर्वी पुरुष ‘हातांचं चुंबन घेतो, बाईसाहेब’ म्हणत. आता सगळ्यांनी ‘स्वातंत्र्य!’ म्हणायचं, आणि तेही हातात कचऱ्याची बादली असताना. रस्त्याचं नाव सहा वर्षांत तीनदा बदललं होतं. दर मंगळवारी इमारतीतल्या सगळ्यांनी तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत जमायचं आणि कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं. एतेल्का मागे बसून वाचणाऱ्याच्या शर्टाची कॉलर कशी बसली आहे ते पाहत असे. कॉलर शिवणं हे तिचं पोट होतं. एक सहकारी संस्था दर शुक्रवारी बेतलेलं कापड पाठवायची, शिवलेलं घेऊन जायची.

तिचा नवरा देझो पूर्वीच्या राजवटीत मंत्रालयात अधिकारी होता. लढाईत त्याला लेफ्टनंट करून पाठवलं आणि जानेवारी १९४३ मध्ये डॉन नदीकाठच्या बर्फात तो बेपत्ता झाला. बेपत्ता माणसाला मृत ठरवायचा एक छापील अर्ज असतो. तो तिच्याकडे दोनदा आला, दोन्ही वेळा तिनं सही केली नाही. सही केली की आपणच त्याला मारला असं होईल, असं तिला वाटे. वेडगळपणाच होता तो, पण आठ वर्षं ती त्याच वेडगळपणावर तगून होती.

२

मे महिन्यात पिंतेरबाई पावाची कुपनं वाटत वर आल्या. या बाई पूर्वी इमारतीचा बंब पेटवायच्या, आता त्या इमारतीच्या घरप्रमुख होत्या. कोण येतं, कोण जातं, कोण किती वाजता दिवा मालवतो, हे सगळं त्यांच्या वहीत असे. पण बाई तोंडाळ होत्या तेवढ्या वाईट नव्हत्या.

“स्वातंत्र्य, हालमोशबाई. हे घ्या, आणि नीट वाचून घ्या. मला तर हसावं की रडावं कळेना.”

कुपनावर लिहिलं होतं: हालमोश देझो.

हंगेरीत लग्न झालं की बाईचं स्वतःचं नाव कागदावरून जातं. नवऱ्याच्या अख्ख्या नावामागे एक ‘ने’ लागतो आणि ती बाई तयार होते. हा आपला ‘देझोने पाव खाल्ला’ मधला ‘ने’ नव्हे. हालमोश देझो-ने म्हणजे हालमोश देझोची बायको. वसंतात सगळ्या शहराची नव्यानं नोंद झाली, तेव्हा कुण्या कारकुनाच्या हातून तो ‘ने’ गळाला होता.

“अहो, एवढंच नाही,” पिंतेरबाईंनी वही उघडून दाखवली. “पुढं बघा. तिथं तुम्ही ‘स्त्री’ लिहिलं होतं ना? त्या शहाण्यानं बघितलं, नाव पुरुषाचं, म्हणजे बाईचीच चूक असणार. खोडून ‘पुरुष’ केलं!”

बाकी सगळं एतेल्काचं जसंच्या तसं होतं. तिचा जन्मदिवस, तिच्या आईचं नाव, तिची लहान खोली. व्यवसाय: घरी बसून कॉलर शिवणे. खोलीत राहणारी माणसं: एक.

“म्हणजे मी कुठं आहे?” एतेल्कानं विचारलं.

“कुठंच नाही. आणि माझं ऐकाल तर तशाच राहा. दुरुस्तीला गेलात की ते तुमची जुनी फाइल काढतील. मंत्रालयातला नवरा, लष्करातला हुद्दा. समोरच्या इमारतीतली दोन कुटुंबं मागच्या आठवड्यात ट्रकात घालून खेड्यात नेली, बघितलंत ना? शिवणकाम करणाऱ्या साध्या माणसाला कोण हात लावतंय!”

एतेल्का हसली. पण पिंतेरबाई गेल्यावर ती कुपन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी देझोचं नाव जिवंत माणसाचं म्हणून लिहिलं होतं. आज त्याला पाव मिळणार होता.

३

“काकू, तुमचा हात आज भलताच चाललाय हो,” रोझी बोझोकी कांदा चिरता चिरता म्हणाली. रोझी चोवीस वर्षांची, बल्बच्या कारखान्यात पाळीवर जाणारी, बोलघेवडी मुलगी. “दुपारी झोपू म्हटलं, तर तुमचं मशीन दोन तास खडखडखडखड.”

“दुपारी मी पावाच्या रांगेत होते.”

“मग मला स्वप्न पडलं असेल. पण स्वप्नात कुणी कॉलर शिवतं का? मला आपली नाचाची स्वप्नं पडतात.”

एतेल्का खोलीत गेली. सकाळी जाताना तिनं वीस कॉलर बिनशिवलेल्या ठेवल्या होत्या. त्या सगळ्या शिवून, उलटवून, टोकं काढून नीट चळत करून ठेवलेल्या होत्या.

तिनं खिडकीच्या उजेडात एकेक पाहिली. टाका तिचाच होता. कॉलरच्या टोकाशी ती नेहमी एक टाका मागे घेते, तसाच घेतला होता. फक्त तिच्या हातची शिवण थकल्यावर जराशी वाकते, ही कुठंच वाकली नव्हती.

देझोला साधं बटण लावता येत नसे. लग्नानंतर एकदा त्यानं प्रयत्न केला आणि बटण सदऱ्यासकट स्वतःच्या पाटलोणीला शिवून बसला. तेव्हा हे देझोचं काम असणं शक्यच नव्हतं. मग कुणाचं? पिंतेरबाईंकडे दुसरी किल्ली होती, पण त्या कशाला फुकट कॉलर शिवतील? रोझीला थट्टेची हौस होती, पण शिवता येत नव्हतं. की आपणच पहाटे उठून शिवलं आणि विसरलो? पोटभर जेवण नसलं की माणूस काय काय विसरतो.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण त्याहून जास्त वाटलं ते कुतूहल. तिला जाणून घ्यायचंच होतं.

४

दुसऱ्या दिवशी तिनं पायमशीनचा चामडी पट्टा चाकावरून उतरवला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. पट्ट्याशिवाय पायाखालची फळी कितीही हलवली तरी मशीन चालत नाही. मग तिनं खोलीला बाहेरून कुलूप लावलं आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसली. रोझी कामावर गेली होती, तिचा नवराही. अंगणाच्या बाजूची खिडकी उघडी होती आणि खाली कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

बारावर काही मिनिटं झाली असतील. आतून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फळीची ती ओळखीची कुरकुर, मग सुई.

एतेल्कानं खिसा चाचपला. पट्टा खिशातच होता, तिच्या अंगाच्या उबेनं कोमट झालेला.

ती उठून दाराशी गेली. कान लावला. मशीन एका लयीत चाललं होतं, कॉलरच्या टोकाशी थांबत होतं, वळत होतं, पुन्हा चालू होत होतं. अगदी ती चालवते तसं. स्वतःलाच दुसऱ्या खोलीत काम करताना ऐकण्याची वेळ किती जणांवर येते? तिच्या तोंडातून नाव बाहेर पडलंच.

“देझो?”

मशीन थांबलं.

ती थांबण्याची तऱ्हा तिला कळली. कुणीतरी मान वर करून ऐकत होतं. ती बोलली नाही तेव्हा थोड्या वेळानं सुई पुन्हा सुरू झाली. तिनं पुन्हा हाक मारली, सुई पुन्हा थांबली. ‘रोझी’ म्हणून हाक मारली तेव्हा मात्र सुई चालतच राहिली.

तो नावाला ओ देत होता.

तिनं कुलूप उघडलं नाही. दार उघडून खुर्ची रिकामी दिसली असती तर तिला ते सहन झालं नसतं, आणि रिकामी नसती तर काय झालं असतं हे तिला ठरवता येईना.

५

जून अर्धा सरला तोवर सगळ्यांना त्याची सवय झाली. हे तिला सगळ्यात विचित्र वाटे. ‘स्वातंत्र्य’ म्हणायची सवय झाली तशीच याचीही झाली.

संस्थेची नवी बाई शुक्रवारी एक घंटा वाजवून आली आणि म्हणाली, “कॉम्रेड हालमोशना सांगा, त्यांचं नाव आमच्या भिंतीवरच्या पत्रकात लावलंय. आदर्श कामगार! तुम्ही कोण, त्यांच्याकडे कामाला असता?”

“मी बायको,” एतेल्का म्हणाली.

“हो का?” बाईनं हातातला कागद पाहिला आणि खांदे उडवले. “इथं बायको लिहिलेली नाही.”

पावाच्या दुकानातली मुलगी कुपन पाहून विचारायची, “साहेब बरे आहेत ना? स्वतः कधी येत नाहीत.” एतेल्का म्हणायची, “बरे आहेत. जरा थकलेत.” हे उत्तर इतकं सहज निघायचं की तिची तिलाच लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर ती सुखात होती. घरी कुणीतरी आहे म्हणून रांगेतून लगबगीनं परतण्याचं सुख ती विसरली होती. चरबी लावलेल्या पावाच्या दोन फोडी करायची, एक दाराशी स्टुलावर ठेवायची. ती फोड तशीच राहायची. कागदावरच्या माणसाला भूक कुठून लागणार? अंधार पडून मशीन बंद झालं की मगच ती झोपायला आत जायची, आणि आत कुणी नसायचं.

एका दुपारी ती रांगेतून लवकर आली. त्या इमारतीत प्रत्येक मजल्याला अंगणाभोवती फिरणारा उघडा सज्जा आहे आणि सगळ्यांची स्वयंपाकघरं त्याच सज्ज्यावर उघडतात. ती खिडकीपाशी पोहोचली आणि थबकली. स्वयंपाकघरातून आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं दिसत होतं. त्या फटीत मशीनचं चाक होतं, फिरणारं. चाकावर हात होता. हाताच्या वर पांढरी बाही, आणि त्याही वर, उजेडात, वाकलेली मान.

पुरुषाची मान होती, मागचे केस बारीक कापलेले. देझोची मान ताठ असे. मंत्रालयातल्या खुर्चीनं आणि लष्करानं ती तशी केली होती. ही मान पुढं झुकलेली होती, वर्षानुवर्षं शिवणावर डोळे घातल्यानं झुकते तशी. तिनं ती आरशात पुष्कळदा पाहिली होती. ती तिची मान होती.

म्हणजे त्याच्यात देझोचं काय होतं? नाव तेवढं होतं. बाकी सगळा माणूस कारकुनानं तिच्यातूनच काढला होता.

ती तिथंच उभी राहून विचार करत होती. नुसत्या नावात माणूस किती मावतो? आठ वर्षं तिच्याकडे तरी त्याच्या नावाखेरीज काय राहिलं होतं? हलकेच तिनं सज्ज्याच्या कठड्याला हात टेकला, तर आतलं चाक थांबलं. एतेल्का पाठ फिरवून भराभर जिना उतरून खाली गेली आणि अर्धा तास कपडे धुण्याच्या खोलीत बसून राहिली.

६

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, सायकलवरून पोलीस आला. घंटा एकदा वाजली. त्यानं पिंतेरबाईंच्या समोर एतेल्काच्या हातात कागद दिला आणि निघून गेला.

हालमोश देझो, पूर्वीचे मंत्रालयीन अधिकारी, पूर्वीचे लेफ्टनंट. राजधानीतलं वास्तव्य रद्द. उद्या सकाळी सहा वाजता सामानासह तयार राहावे. राहण्याची जागा: पूर्वेकडच्या मैदानातलं एक खेडं, तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी.

“कुणीतरी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून वाचलेली दिसते,” पिंतेरबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “पण घाबरू नका. ऐका माझं. यात तुमचं नाव नाही. उद्या ते आले की एकच वाक्य बोलायचं: ‘माझे यजमान लढाईत मेले.’ मी साक्ष देते. ते नाव खोडतील आणि जातील. मग आपण तुमचा कागद नव्यानं भरू, ‘ने’ लावून. खोली तुमचीच राहील.”

“मेले म्हणायचं?”

“अहो, मेलेच आहेत! आठ वर्षं झाली, बाई. डॉनवरून कोण परत आलंय? माझा भाऊ आला?” त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. “आणि नाही बोललात, तर विचारतील, मग माणूस कुठंय? लपवलात? त्याचं काय होतं ठाऊक आहे ना?”

आतल्या खोलीत मशीन चालू होतं. पिंतेरबाईंनी त्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“मला काही ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी वहीत काही लिहिलेलं नाही. एक वाक्य, हालमोशबाई. फक्त एक.”

संध्याकाळी उन्हं सज्ज्यावर असतानाच एतेल्का दाराला पाठ लावून बसली आणि कागद मोठ्यानं वाचला. नाव आलं तेव्हा सुई थांबली. पुढचं वाचेपर्यंत थांबलेलीच राहिली.

“ते तुला न्यायला येणार आहेत,” ती म्हणाली. “मी म्हटलं की तू मेलास, तर नेणार नाहीत. पण मग तू राहशील का रे?”

तिनं कागदाची घडी घातली.

“मागच्या वेळी तू निघालास तेव्हा मी स्टेशनवर आले नव्हते. डोकं दुखतंय म्हणाले होते. डोकं दुखत नव्हतं, देझो. मला बघवणार नव्हतं म्हणून आले नाही. हे तुला ठाऊक नसणार. तू तर कागदावरून आलास.”

बऱ्याच वेळानं सुई पुन्हा सुरू झाली, पण अगदी सावकाश, एकेक टाका.

७

सकाळी सहाला लख्ख ऊन होतं. दोन पोलीस वर आले, ट्रक खाली रस्त्यात उभा राहिला. रोझी आणि तिचा नवरा आपल्या दारात उभे होते, तोंडं न धुतलेली. पिंतेरबाई एतेल्काच्या इतक्या जवळ होत्या की त्यांचा श्वास तिला मानेवर लागत होता.

मोठ्या पोलिसानं यादी उघडली. “हालमोश देझो?”

पिंतेरबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. वाक्य तोंडात तयार होतं. माझे यजमान लढाईत मेले. एतेल्कानं तोंड उघडलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. “हजर.”

सगळ्यांनी ऐकला. रोझीनं नवऱ्याचा दंड धरला. पिंतेरबाईंनी तीन वर्षांत पहिल्यांदा छातीवर क्रूस काढला. पोलिसाला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माणूस यादीत होता, माणूस हजर होता. त्यानं शिसपेन्सिलीनं खूण केली. “चला मग. आटपा.”

दार उघडलं. सज्ज्यावरचं ऊन थेट डोळ्यांत येत होतं, म्हणून एतेल्काला धड दिसलं नाही. पांढरी बाही दिसली, उत्तम बसलेली कॉलर, झुकलेली मान. पुढे पोलीस, मध्ये तो, मागे पोलीस, असे ते जिन्याकडे निघाले. जिन्याच्या तोंडाशी ती मान क्षणभर वर झाली. ताठ झाली.

तो देझो होता. निदान त्या क्षणी तिची तशी खात्री झाली. आणि आपण पुन्हा घरात बसून राहणार आहोत, हेही तिला दिसलं.

“थांबा!” ती ओरडली. “मी पण येते. मी त्यांची बायको!”

“गप्प बसा,” पिंतेरबाई दातांतून म्हणाल्या. “अहो, गप्प बसा, मूर्ख बाई!”

मागे चालणारा मोठा पोलीस वैतागून थांबला. यादी त्याच्याकडे होती. “नाव?”

“हालमोश देझो-ने.”

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. दोन ओळींमध्ये बोटभरही जागा नव्हती. मग तो आधीच्या नावाशी थांबला, त्याच्या कपाळावरची आठी गेली, आणि त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं.

“असं होय,” तो म्हणाला. “इथं ‘ने’ राहिलाय.” आणि त्यानं तो लावला.

८

एतेल्का अंगावरच्या कपड्यांनिशी, रोझीनं घाईनं हातात दिलेलं गाठोडं घेऊन जिना उतरली. पहिल्या वळणापर्यंत तिच्यापुढं त्याचीही पावलं वाजत होती. दुसऱ्या वळणावर ती पोलिसांच्या बुटांची आणि तिची स्वतःचीच उरली होती. तिनं वाकून खाली पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

ट्रकात लाकडी बाक होता. त्यावर कुणी नव्हतं.

“माझे यजमान?” तिनं विचारलं. “पुढं गेले ना ते?”

“कोण यजमान?” मोठा पोलीस म्हणाला. त्यानं यादी तिच्यासमोर धरली. हालमोश देझो-ने, आणि पुढे खूण. “या घरात एकच नाव आहे, बाई. तुमचं.”

“पण तुम्ही त्यांना आणलंत! तुम्हीच तर बोलावलंत, ते हजर म्हणाले!”

“तुम्ही म्हणालात हजर,” पोलीस म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका साधा, इतका झोप न झालेल्या माणसाचा होता की तो खोटं बोलत असेल असं तिला वाटेना. वर तिसऱ्या मजल्यावर पिंतेरबाई, रोझी आणि तिचा नवरा रस्त्याकडच्या खिडकीतून खाली पाहत होते. तिनं हात करून विचारलं. तिघंही खिडकीतून मागे सरली.

मग तिला कळलं. आठ वर्षं जी सही तिनं केली नव्हती, ती आज सगळ्यांसमोर तिच्या तोंडून झाली होती. एका अक्षराची: ‘ने’.

“चढा, चढा,” ड्रायव्हर पुढून ओरडला. “आज एकट्याच आहात, ऐसपैस बसा.”

एतेल्का वर चढली. ट्रक हलला तेव्हा ती बाकाच्या अगदी कडेला सरकून बसली, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.